देवीच्या नावाचा कोंबडा

आमच्या घरचं संडास परसाच्या पार टोकाला, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, कुंपणाला लागून आहे. मागचं दार उघडलं की आधी कोंबड्यांचं अंगण, मग शेवग्याचं झाड, पाण्याची टाकी आणि मग ते. त्या हिवाळ्यात तिथवर जायचं तर पाण्याच्या डब्याआधी लोखंडी घमेलं हातात घ्यावं लागायचं. गुडघ्यापुढे घमेलं धरायचं आणि निघायचं. कोंबडा त्यावर येऊन आदळला की टण्ण आवाज व्हायचा. शेजारच्या काकीला त्या आवाजावरून कळायचं की आमच्या घरातलं कोणीतरी निघालं आहे. ती कुंपणापलीकडून विचारायची, "पोहचली का वं माय?"

हसण्यासारखंच होतं. पण ज्या बाईचं ते अंगण होतं, तिला हसू येत नव्हतं.

आमचा तांडा फुलसावंगीपासून जवळ आहे. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरले. शाळा एका जागी असते आणि ते एका जागी नसायचे, म्हणून शिकले नाहीत. दुसरं काही कारण नव्हतं. घरातली पदवी घेतलेली पहिली मी. हे सांगताना मला लाज वाटत नाही, आणि कोणी विचारायची वाटही मी बघत नाही.

मी यवतमाळच्या कॉलेजात गेले, हॉस्टेलला राहिले, तेव्हा माझ्या आईनं, आम्ही याडी म्हणतो, तांड्याबाहेरच्या लिंबाखालच्या देवीला शब्द दिला: पोरगी पंधरावी झाली की कोंबडा देईन. पदवीला आमच्याकडे पंधरावीच म्हणतात. बोकड का नाही कबूल केला, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "बकऱ्या तुह्या बाच्या. त्याले विचारा लागते. कोंबड्या माह्या." घर बाच्या नावावर, शेत बाच्या नावावर, गाडी भावाच्या नावावर. कोंबड्या तेवढ्या तिच्या. त्यातलं तिनं माझ्यासाठी कबूल केलं होतं.

मी शेवटच्या वर्षाला असताना तिनं एक पिल्लू निवडलं. लाल मानेचं, उंच पायांचं. त्याच्या पायात लाल दोरा बांधला, डोक्याला कुंकू लावलं आणि त्या दिवसापासून ते पिल्लू आमचं राहिलं नाही, देवीचं झालं. नवसाच्या कोंबड्याला हाकलत नाहीत. त्याच्यावर काठी उगारत नाहीत. दाणे आधी त्याला. तो वाटेत उभा असला तर आपण थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं. याडी रोज सकाळी ओंजळीतून त्याला ज्वारी टाकायची आणि दोन पावलं मागं सरून हात जोडायची.

कोंबड्याला यातून काय कळलं असेल, याचा विचार आमच्या तांड्यात आजवर कोणी केलेला नव्हता.

निकाल पावसाळ्यात लागला, मी पास झाले. पण आमच्या घरचा देवीचा दिवस होळीच्या आधी येतो, बा आणि काका ऊसतोडीवरून परत आल्यावर. त्यांच्याशिवाय नवस फिटत नाही. तोवर कोंबडा सांभाळायचा होता. मी घरी आले, फुलसावंगीच्या एका छोट्या शाळेत शिकवायला लागले, आणि माझी त्याची गाठ पडली. पहिल्याच दिवशी तो माझ्या पंजाबी ड्रेसच्या सलवारीला लटकला. मला वाटलं, मी परकी आहे म्हणून असेल.

मग दिवाळीनंतर एका सकाळी त्यानं याडीला मारलं. ती हंडा घेऊन टाकीकडे चालली होती. मागून उडून त्यानं पायामागचा काटा तिच्या पोटरीत रुतवला. बोटभर फाटलं. भावानं गाडीवर बसवून तिला दवाखान्यात नेलं. नर्सबाईनं विचारलं, कशानं लागलं. याडी म्हणाली, खिळ्यानं.

भाऊ म्हणाला, "पक्कड आणतो. ते काटे छाटून टाकतो. झगडाच मिटला."

"हात नको लावू," याडी म्हणाली. "खोडीचं देवीले चालत नाही."

हे खरंच होतं. आमच्यात नवसाच्या कोंबड्याचे नियम आहेत. तो टाळूपासून नखापर्यंत धडधाकट पाहिजे. ज्याच्या तोंडून नवस निघाला, त्यानंच त्याला घरापासून देवीपर्यंत स्वतःच्या हातात न्यायचं. टोपल्यात नाही, पिशवीत नाही, दुसऱ्याच्या हातात तर नाहीच. वाटेत तो सुटला किंवा त्यानं रक्त काढलं तर देवीनं तोंड फिरवलं असं धरतात. आणि देवीपुढे ठेवून अंगावर पाणी शिंपडलं की त्यानं अंग झाडलं पाहिजे. झाडलं म्हणजे देवीनं घेतला.

आता गंमत बघा. ज्या बाईला तो अंगणात पाऊल टाकू देत नव्हता, तिलाच तो काखेत धरून डफड्याच्या आवाजात, सगळ्या तांड्यासमोर चालवत न्यायचा होता. आणि तो उलटला असता, तर देवीनं तोंड कशावरून फिरवलं म्हणाले असते लोक? माझ्या पंधरावीवरून. याडी तर पुढं मला साधी सर्दी झाली तरी तिथंच बोट ठेवत राहिली असती.

ती रात्री जेवताना एकदाच म्हणाली, "हे निपटलं की साऱ्या कोंबड्या विकून टाकतो."

मी मोबाइलवर शोधलं. उपाय सांगणारे पुष्कळ होते. बहुतेकांच्या उपायाचा शेवट रश्श्यात होत होता. आमचाही व्हायचाच होता, पण दिवस ठरलेला होता. तेव्हा मी मोबाइल ठेवला आणि एका रविवारी चहाचा कप घेऊन मागच्या उंबऱ्यावर बसले. नुसती बघत.

शेवग्याखाली एक दुसरा, लहान कोंबडा होता. आमचा लाल मानेचा त्याच्याकडे तिरका चालत गेला, एक पंख खाली सोडून. लहानगा मागं सरला. झालं, विषय संपला. मग काकीचं मांजर आलं. कोंबडा त्याच्याकडेही तसाच तिरका गेला. मांजर बसल्या जागी बसून राहिलं. कोंबडा थोडा थांबला, मग खाली मान घालून जमिनीत चोच मारायला लागला. तिथं दाणा नव्हता. काहीच नव्हतं. आपण दाणेच टिपायला आलो होतो, असं दाखवत तो निघून गेला. तेवढ्यात याडी ज्वारी घेऊन आली. तो तिरका चालत आला. तिनं ज्वारी टाकली, दोन पावलं मागं सरली, हात जोडले. आणि तो तिच्यावर उडाला.

मी कप खाली ठेवला. बाई रोज सकाळी त्याच्यापुढे हरत होती. हरलेल्याला कोंबडा हाकलणारच.

मी याडीला सांगितलं, "तू मागं सरते म्हणून तो मारते. त्याले वाटते तू लहान कोंबडा व्हय."

"मी कोंबडा?"

"त्याच्या हिशोबानं."

भाऊ खाटेवरून हसला. "हेच शिकवलं का यवतमाळले? कोंबडा सब्जेक्ट होता का तुले?"

"इतिहास होता," मी म्हटलं. "त्यात असेच होते सारे."

दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी मी भावाचे चिखलात घालायचे रबरी बूट चढवले आणि अंगणात उतरले. तो आला, मान फुलवून. मी सरळ त्याच्या अंगावर चालत गेले. त्यानं बुटावर लाथ मारली. मी चालत राहिले. त्यानं पुन्हा मारली. मग त्याला वाट सोडावी लागली, कारण मी थांबतच नव्हते. काठी नाही, दगड नाही, शिवी नाही. ज्या जागी तो उभा होता तिथं जाऊन उभं राहायचं, एवढंच. संध्याकाळी मी त्याच्यावर ओढणी टाकून त्याला उचलला आणि काखेत दाबून धरला. पंख आवळून धरले की तो फडफडत नाही. मान हळूच खाली दाबून ठेवली, त्याचं अंग ढिलं पडेपर्यंत. मग तसाच घेऊन अंगणभर फिरले, त्याच्या साऱ्या कोंबड्यांसमोरून.

याडी दारातून ओरडली, "ओढणी टाकून राह्यली देवीच्या कोंबड्यावर? पाप लागन."

"मग मारून राह्यली का मी? कडेवर घेतला."

"देवीचा हाय तो."

"देवीनं सांगितलं का, माह्या कोंबड्याले मोकाट सोडा म्हणून?"

ती आत निघून गेली. देवीच्या बाबतीत तिच्याशी वाद घालून कोणी जिंकलेलं नाही.

मी सोडलं नाही. रोज सकाळी बूट, रोज संध्याकाळी काख. काही दिवसांत तो माझ्या वाटेतून बाजूला व्हायला लागला. पुढे तर मी दिसले की लगेच जमिनीत खोटी चोच मारायला लागायचा. मला फार अभिमान वाटला. भावाला बोलावून दाखवलं.

आणि त्याच वेळी याडी दारात आली. तिला बघताच तो माझ्या पायाजवळून सुसाट निघाला आणि तिच्यावर धावला. ती किंचाळत घरात पळाली.

भाऊ म्हणाला, "वा. तुह्यापुरता शिकला."

त्याला माझी भीती बसली होती, माणसाची नाही. आणि देवीकडे न्यायचा हात माझा नव्हताच. तो याडीचा होता. माझी सारी मेहनत एका बाजूला, आणि ती रोज सकाळी हात जोडते ते एका बाजूला. तिला कितीही सांगितलं की जोडू नको, तरी ती म्हणायची, "देवीच्या मालाले मी कशी आडवी जाऊ?"

माघ सरत आला होता. बाचा फोन आला की कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, बेतात आहे, टोळी लवकरच निघेल. याडी फोनवर 'हो हो' म्हणाली, कोंबड्याचं काही सांगितलं नाही.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी मला शाळेतून यायला उशीर झाला. फुलसावंगीच्या स्टँडवर जीप भरायलाच तयार नव्हती. भाऊ हरभऱ्याच्या शेतात. घरी याडी एकटी, आणि तिचं पोट बिघडलेलं. तिनं घमेलं घेतलं, दार उघडलं, तर तो उंबऱ्याखालीच उभा. तिनं दार लावलं. पुन्हा उघडलं. तो तिथंच. शेवटी तिला पुढच्या दारानं जाऊन काकीला हाक मारावी लागली. काकी आली, काकीची सून आली, सुनेला भेटायला आलेल्या दोघी आल्या. चौघींच्या मधे, घमेली आणि खराटे घेऊन, माझी याडी स्वतःच्या संडासापर्यंत पोहोचली. आणि त्या चौघी बाहेर थांबल्या, तिला परत आणायला. दाराबाहेर त्यांचं खिदळणं चाललेलं, आत ही.

मी आले तेव्हा काकीनंच मला सगळं सांगितलं, मजेत. "मिनिस्टर निघाली व्हती तुही माय, पुढं-मांगं पोलीस."

याडी चुलीपाशी बसली होती. भाकरी थापताना तिचे हात रोजच्यापेक्षा जोरात पडत होते.

सकाळी मी बूट शोधत होते, ते सापडेनात. भाऊ म्हणाला, "माही जीन्स कुठं हाय?" मी मागच्या दाराशी गेले. याडी अंगणात उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, खाली भावाची निळी जीन्स, पायात बूट. हातात काही नव्हतं, ओंजळीत ज्वारीपण नाही.

तिनं मागं न बघता मला सांगितलं, "मी देवीले बोलली. पण देला कुठं अजून? देईपर्यंत तो माह्या घरचा हाय. माह्या घरचं पोर असं वागलं असतं तर मी काय केलं असतं?"

कोंबडा तिरका चालत येत होता, पंख सोडून. तिच्या खांद्यावरून मला दिसलं, तिचा उजवा पाय किंचित उचलला गेला, मागं जायला. माझ्या तोंडात 'थांब' हा शब्द आला, पण मी तो गिळला. तिनं पाय होता तिथंच टेकवला. तो उडाला, जीन्सवर धपकन आदळला. ती हलली नाही. तो पुन्हा उडाला. मग ती त्याच्याशी आमच्या तांड्याच्या गोरबोलीत बोलायला लागली, लहानपणी आम्हा दोघांना झापायची त्याच आवाजात: तुला पिल्लाचा कोंबडा कोणी केला, माझ्या हातची ज्वारी खाऊन मलाच मारतोस, तुझी आई माझ्या चुलीमागं अंडी घालायची, तुझी अक्कल कुठं गेली. बोलत बोलत ती एकेक पाऊल पुढं टाकत होती. ती पुढं, तो मागं, शेवग्यापर्यंत.

शेवग्याखाली त्यानं मान खाली घातली आणि जमिनीत चोच मारली. तिथं दाणा नव्हता.

"काय शोधून राह्यला रे?" याडी म्हणाली. आणि तिला हसू आलं.

त्यानंतर तिनं माझं काम माझ्या हातातून काढूनच घेतलं. ज्वारी आधी कोंबड्यांना, मग त्याला. ओढणी तिला नको होती, पदरच पुरे. दुपारी तुरी सोलायला बसली की तो तिच्या काखेत. फोनवर मावशीशी बोलताना तो काखेत. पहिले काही दिवस त्याचे डोळे गरागरा फिरायचे, पुढं पुढं तो चक्क पेंगायला लागला. काकी कुंपणावरून म्हणाली, "नातू व्हय का वं? कडेवरून उतरवून नाही राह्यली."

"नातवाचं तुह्या पुतणीले विचार," याडी माझ्याकडे बघून म्हणाली. "तिले कोंबड्याइतकीही घाई नाही."

बा आणि काका ट्रॅक्टरमधून उतरले, त्या संध्याकाळी बा हात-पाय धुवायला मागच्या अंगणात गेला. आम्ही त्याला सांगायचं विसरलो. टण्ण आवाज आला नाही, कारण त्याच्या हातात घमेलं नव्हतं. नुसता बाचा आवाज आला. याडी धावत गेली, कोंबड्याला उचलून काखेत घातलं आणि म्हणाली, "नवीन माणूस दिसला की करते तो. घाबरू नका."

देवीच्या दिवशी डफडं पुढं, मग बाया, मधे याडी. नवं लुगडं, जीन्स नाही, बूट नाही, पाय उघडे. पोटरीवरची खूण दिसत होती. कोंबडा तिच्या डाव्या काखेत, पायातला दोरा नवा. वळणावर डफडं वाजवणारा अगदी तिच्या कानाशी आला तशी कोंबड्याची मान ताठ झाली, पिसं उभी राहिली. मी बाजूनं चालत होते, माझे हात आपोआप वर आले. याडीनं चाल न बदलता त्याची मान पदराखाली दाबली आणि चालत राहिली. लिंबाखाली पोहोचेपर्यंत त्यानं कुणाला ओरबाडलंही नाही.

त्याला देवीपुढे ठेवलं. कुंकू लावलं. काकानं पाणी शिंपडलं. डफडं थांबलं.

तो उभा राहिला. पाणी पाठीवरून ओघळलं, पण त्यानं अंग झाडलं नाही. पुन्हा पाणी टाकलं. तो याडीकडे बघत शांत उभा. बायांमध्ये कुजबूज सुरू झाली. काकी माझ्या कानाशी म्हणाली, "जास्तच शिकवला वं तुम्ही." इतके दिवस त्याला गरीब करायला झटलो आणि आता त्यानं थोडी मस्ती करावी म्हणून मी देवीला विनवत होते.

याडी त्याच्या अगदी जवळ उभी होती. तिनं देवीकडे पाहिलं, पदर सारखा केला, आणि हात जोडायला दोन पावलं मागं सरली.

कोंबड्यानं मान वर केली. एक पंख खाली सोडला, मानेची सगळी पिसं फुलवली आणि नखापासून तुऱ्यापर्यंत असं अंग झाडलं की पाण्याचे थेंब काकाच्या तोंडावर उडाले.

"घेतला," बा म्हणाला. "देवीनं घेतला." डफडं पुन्हा सुरू झालं.

याडीनं ते मुद्दाम केलं का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. विचारलं तरी ती सांगणार नाही, हे मला माहीत आहे. नवस फिटला. रस्सा चांगला झाला होता, सगळ्यांनी खाल्ला, मीही खाल्ला, आणि पहिला वाटा याडीनं माझ्या ताटात वाढला.

कोंबड्या विकायचं नंतर कोणी बोललं नाही. शेवग्याखालचा तो लहान कोंबडा आता अंगणाचा मालक झाला आहे. देवीचा दिवस झाल्यावर लवकरच तो एका सकाळी याडीपुढे तिरका चालत आला होता. याडीच्या दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या होत्या. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही, चालत राहिली, आणि तो जमिनीत चोच मारायला लागला.

घमेलं परत शेण उचलायला गेलं. काकीची मात्र तक्रार आहे की आमच्या घरातलं कोण कुठं निघालं, ते आजकाल तिला कळतच नाही.